इष्टलिंग दुसऱ्या गळ्यात घातलं तो दिवस

सप्टेंबर १९४८. निजाम शरण आल्यानंतरचा पहिला रविवार, सकाळी नऊचा सुमार. मुरुमहून उमरग्याला निघालेल्या बैलगाडीत हजर: मी, वय सत्तेचाळीस, आमच्या आळीत चोळ्या शिवणारी जैतूनबी, वय चाळिशीच्या आसपास, आणि गाडीवान इराप्पा. सामान: एक वळकटी, भाकरीचं गाठोडं, पाण्याची घागर, पोत्यात गुंडाळलेलं शिवणयंत्र. निघायच्या आधी मी सगळं दोनदा तपासलं होतं. वाटेत काय होईल, एवढंच काय ते माझ्या हातात नव्हतं.

वर्षभर आम्ही रझाकारांच्या धाकात काढलं होतं. माझ्या मावसभावाचं घर त्यांनी जाळलं, तो त्यातच गेला. आता वारं फिरलं होतं आणि ज्यांनी जाळलं ते पळून गेले होते. मागं राहिली ती जैतूनबीसारखी माणसं. तिचा दीर रझाकारांत होता, हाच तिचा गुन्हा. आदल्या दिवशी तिच्या दारावर कुऱ्हाडीचे घाव पडले. उमरग्याला लष्कराची छावणी पडली आहे आणि तिथं आसरा मिळतो असं कळलं, तेव्हा मी गाडी ठरवली. तिला माझं इरकल लुगडं नेसवलं, कपाळाला विभूती लावली आणि कोणी विचारलं तर 'ही माझी जाऊ, अक्कलकोटची' असं सांगायचं, हेही पढवून ठेवलं.

इथं एक कबुली दिली पाहिजे. जैतूनबीशी मी चार महिने नीट बोलत नव्हते. दर सोमवारी माझ्या ओसरीवर आळीतल्या बायका जमत आणि मी काहीतरी वाचून दाखवी. त्या उन्हाळ्यात बुद्धाच्या गोष्टी चालल्या होत्या. एका जुन्या कॅलेंडरवरचं बुद्धाचं चित्र मी देवघराशेजारी लावलं होतं. मिटलेले डोळे, शांत ओठ. घरात काही बिनसलं की मी त्या चित्राकडे बघत बसे. बुद्धाला मानणारा माणूस मुंगीसुद्धा मारत नाही, असं मी त्या दिवशी बायकांना सांगत होते. कोपऱ्यात चोळी शिवत बसलेली जैतूनबी मान वर न करता म्हणाली, "मारतेत, अक्का. म्या देखी ना. रंगूनमधी."

तिचा नवरा रंगूनच्या गोदीत कामाला होता. तिथंच एका दंगलीत तो गेला, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

"पिवळी वस्त्रंवाले आमच्या गल्लीत आले होते," ती म्हणाली, "डोई भादरलेले. हातात लाठ्या. त्यातलाच एक..."

"खोटं बोलू नकोस," मी तिला तिथंच तोडलं. "तुझी माणसं तशी, म्हणून सगळ्यांनाच तसं ठरवायचं का?"

सगळ्या बायकांदेखत मी हे बोलले. तिनं दोरा दातानं तोडला आणि उठून गेली.

आता गाडी निम्म्या वाटेवर आली होती. समोरून एक गुराखी पळत आला. "इराप्पा, माघारी फिरव," तो दम खात म्हणाला. "ओढ्यावर गाड्या अडवायलेत. कोण कुठल्या जातीचा ते खूण बघून ठरवायलेत. लिंगायत वाणी म्हणलं आन् गळ्यात लिंग न्हाय दिसलं की खाली उतरवायलेत."

माघारी फिरायला जागा नव्हती. मागं मुरुमात तिचं दार फोडणारे होते. इराप्पानं माझ्याकडे पाहिलं. मी एवढं सगळं पढवलं होतं, आणि नेमकं हेच विसरले होते. आम्हा लिंगायतांच्या घरी, जाऊ असो की लेक, इष्टलिंग गळ्यात असतंच. गुरूनं ते एकदा हातात दिलं की जीव असेतो अंगावेगळं करायचं नाही. माझ्या आईनं बाळंतपणात, तापात, कधीही ते काढलं नव्हतं. मीही नाही.

जैतूनबी शांतपणे म्हणाली, "मला इथंच उतरवा, अक्का. तुमी जावा."

आणि मग का कोण जाणे, माझ्या तोंडून आलं, "त्या दिवशी पुढं काय सांगणार होतीस तू?"

ती जराशी हसली. "आत्ता? एक म्हातारा साधू होता, त्यांच्यातलाच. मी मठामागं दडले होते. त्याला दिसले. ते बाईला शिवत न्हाईत. त्यानं अंगावरचं पिवळं वस्त्र काढलं, लांबूनच माझ्याकडं फेकलं, आन् तोंड फिरवून पुढं चालला. मी ते पांघरून त्याच्या मागं मागं गेले. कोणी अडवलं न्हाय."

मी फार विचार केला असं म्हणता येणार नाही. गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी काढली आणि तिच्या गळ्यात घातली. त्या क्षणी छातीवर जे रिकामं वाटलं, ते मला लिहिता येत नाही. माझा पदर मी गळ्याभोवती घट्ट गुंडाळून घेतला. मला तिथले लोक ओळखतील, माझं कोणी तपासणार नाही, एवढाच हिशेब होता.

ओढ्यावर तीस-पस्तीस माणसं होती. कुऱ्हाडी, विळे, काठ्या. बाभळीखाली घोंगड्यानं झाकलेलं काही होतं. मी नजर वळवली, तरी मोजणं थांबलं नाही: घोंगड्याबाहेर सहा पाय होते. गर्दीतले चार चेहरे माझ्या ओळखीचे होते. त्यातल्या एकानं मठातल्या जेवणावळीत माझ्या पानात आग्रहानं गव्हाची गोड हुग्गी वाढली होती.

"अक्का, तुम्ही व्हय!" तोच पुढं आला. "ह्या कोण?"

"जाऊ माझी. अक्कलकोटची."

"बोलत न्हाईत त्या?"

"तुझ्या हातातला विळा बघून कोण बोलंल?" मी म्हणाले. दोघं-तिघं हसले. तो हसला नाही.

"लिंग दावा."

जैतूनबीनं डबी वर धरली. तो वळणार, एवढ्यात मागून एक पोरगेला आवाज आला, "डबी कोण बी घालंल. पूजा करून दावा म्हणावं."

जैतूनबीनं डबी उघडली, लिंग काढलं आणि उजव्या तळहातावर ठेवलं.

आमच्यात ते डाव्या तळहातावर ठेवतात. लहान लेकरालाही हे ठाऊक असतं. गर्दी पुढं सरकली. इराप्पानं कासरा आवळला. मी मनात काही मागितलंसुद्धा नाही. फक्त म्हणाले, आता तूच बघ.

ओढ्यात एक जंगम, आम्हा लिंगायतांना दीक्षा देणारा गुरू, तांब्या भरत होता. भगवी कफनी, पिकलेली दाढी. तोवर तो माझ्या ध्यानातच आला नव्हता. तो काठावर आला, जैतूनबीचा डावा हात उलटून पाहिला आणि गर्दीवर ओरडला, "डोळे फुटले काय रे? हात पोळलाय हिचा! फोड आलेल्या हातावर लिंग घेईल का बाई? मी दीक्षा दिलीय हिला. हां, बिडो, सोड गाडी!"

डाव्या हातावर खरंच इस्त्रीचा ताजा डाग होता. मला तो ठाऊक नव्हता.

विळेवाला बाजूला झाला. जंगम मैलभर गाडीबरोबर चालला. मी डबी परत घ्यायला हात पुढं केला, तेव्हा तो हळूच म्हणाला, "राहू द्या तिच्याकडं, अक्का, छावणी येईस्तोवर. देव कुठं जात न्हाय." पुढं एका पाऊलवाटेनं तो गेला. नाव विचारलं तर नुसता हात वर केला. नंतर मी तीन मठांत चौकशी केली. कोणाला तो ठाऊक नाही.

जैतूनबी सुखरूप आहे, सोलापुरात शिवणकाम करते. छावणीच्या दारात मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या, अक्का. आपल्या माणसाचं असलं कोणाला ऐकवत न्हाय." हे तिनं माझ्याबद्दल म्हटलं की सगळ्यांबद्दल, मी विचारलं नाही. डबी पुन्हा माझ्या गळ्यात आहे. ज्यानं त्या दिवशी हात दिला, त्याच्यापुढं मी रोज डोकं टेकते. आपलं सगळं नेमकं असतं या माझ्या घमेंडीला त्यानं ओढ्यातच बुडवलं. जिथं आपलं चालत नाही तिथं त्याच्यावर सोडावं, हे मला तिथं कळलं.

पण जिथं आपलं चालतं, ते त्याच्यावर सोडता येत नाही. कार्तिकात एक अंमलदार त्या बाभळीखालच्या तिघांची चौकशी करायला मुरुमात आले. माझ्या ओसरीवर बसून त्यांनी विचारलं, "गर्दीतलं कोणी ओळखू आलं का?" मी, जिला आळीतल्या प्रत्येक घरातली माणसं नावानिशी पाठ, म्हणाले, "नाही." आमची माणसं अशी नाहीत, हेच माझ्या तोंडून पुन्हा निघालं, फक्त वेगळ्या शब्दांत.

ते अंमलदार अजून उमरग्यातच आहेत. मार्गशीर्ष लागला. चार नावं सांगायची राहिली आहेत.