समोर बघणारा बैल

नांदेडच्या व्यसनमुक्ती केंद्रात मी दर मंगळवारी चित्रकलेचा तास घेतो. मुखेडकडचे एक काका सगळ्यांच्या आधी येऊन खिडकीजवळ बसतात. काहीही विचारलं तरी जरा थांबून ‘हाव’, म्हणजे ‘हो’, म्हणतात. थरथरणारं उजवं मनगट डाव्या हाताने धरून ते दर वेळी एकच बैल काढायचे, मान पलीकडे फिरवून उभा असलेला.

एकदा मी शहाणपणा करून, खोडरबर घेऊन ती मान सरळ करायला गेलो. त्यांनी कागदावर तळहात ठेवला.

“चुकलं न्हाई सर. पोळ्याला शिंगं रंगवाया गेलो की असंच तोंड फिरवतो. दारूचा वास येतो त्याला.”

मी खोडरबर खिशात टाकलं.

यंदा पोळ्याला ते दोन दिवस घरी जाऊन आले. मंगळवारी नेहमीच्या जागी बसले, मनगट धरलं आणि बैल काढला. या वेळी तो थेट समोर बघत होता. शिंगं लालभडक, पण एका शिंगाचा रंग पार कपाळावर ओघळलेला.

“हे कसं ओघळलं?” मी विचारलं.

“माझा हात हलला सर,” ते म्हणाले. “बैल न्हाई हलला.”