नुसते ओठ हलव

दापोडीत रेल्वेमार्गालगतच्या एका बुद्धविहारात ज्ञानदेव गुरुजींचा गायनवृंद संध्याकाळी सरावाला बसे. उमेदीची वर्षे चाकणच्या कारखान्यात वेचलेल्या या गृहस्थांना निवृत्तीनंतर स्वरसाधनेने जणू दुसरा जन्म दिला होता. अनेक कंठांतून एकच नाद उमटावा, कोणाचा स्वर कोणता हे ओळखूही येऊ नये, ही त्यांच्या लेखी समूहगानाची परमावधी.

स्वप्नालीचा स्वर मात्र ओळखू येई. पंचविशीतली ही जन्मापासून स्वमग्न मुलगी; कंठ निर्मळ, पण प्रत्येक ओळीचे अंत्याक्षर ती इतरांहून दीर्घ धरी. भोसरीच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी गुरुजी तिला म्हणाले, "तू शेवटी लांबवतेस, पोरी, सगळं बिघडतं. उद्या नुसते ओठ हलव."

गायनमंडळांत ही सूचना जुनीच. जिला ती मिळते ती रुसते, आणि स्पर्धा संपताच सारे विसरते. स्वप्नाली रुसली नाही, विसरलीही नाही. वृंदाला पहिल्या क्रमांकाची ढाल मिळाली; तळेगावचा वृंद दुसरा आला.

काही आठवड्यांनी तिची आई सरूबाई गुरुजींच्या दारी आली. "पोरगी गाईनाशी झालीय, गुरुजी. भांडी घासताना गुणगुणायची, आता नुसते ओठ हालत्यात. इचारलं तर म्हणती, गुरुजींनी सांगितलंय."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते अधिक खोल रुतले. सरावातही स्वप्नाली मूक होती, आणि तो मूकपणा आपण सुधारणा समजून बसलो होतो, हे गुरुजींना त्या क्षणी उमगले. ते तसेच सरूबाईबरोबर तिच्या घरी निघाले.

"आता गा, बाळ. ते त्या दिवसापुरतं होतं."

"मी अजून लांबवतेच," स्वप्नाली भिंतीकडे पाहत म्हणाली. "बिघडेल."

दिलेली आज्ञा परत घेता येते. दिलेले दूषण परत घेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष ते म्हणाले, "बिघडवलं ते मी." मग, जे आजवर कधीच विचारले नव्हते, ते त्यांनी स्वप्नालीला विचारले: इथे तुला त्रास कशाचा होतो? ताल धरायच्या टाळ्यांचा, ती म्हणाली, कानांत टोचतात. आणि पुढचे गाणे कोणते, ते आधी कळत नाही. टाळ्या बंद झाल्या. गाण्यांचा क्रम आरंभीच सांगितला जाऊ लागला. ओळीचा शेवट ज्याच्या त्याच्या श्वासावर सोपवला गेला.

ढोलकीवाला विक्की म्हणाला, "टाळ्या न्हाईत, शेवट सैल. ढाल आत्ताच तळेगावकरांना पोचती करू का, गुरुजी?"

"कर, भावा. रिक्षाचं भाडं तुझं."

तरीही स्वप्नालीचे ओठ निःशब्दच हलत राहिले. घरीही तेच. गुरुजींचा आहार उणावला. हार्मोनियमवर बोटे चालत, कान तेवढे त्या कोपऱ्याकडे लागलेले असत.

अखेर एका संध्याकाळी, वंदनेनंतरच्या गीतात, सारे थांबल्यावर एक अंत्याक्षर मागे रेंगाळले. बारीक, थोडे कापरे, पण अखंड. कोणी वळून पाहिले नाही. तिचा श्वास सरेपर्यंत गुरुजींनी भाता हलवत स्वर धरून ठेवला.

पुढच्या ओळीला ती पुन्हा मूक झाली.

'शाब्बास' गुरुजींच्या ओठांवर आले होते. ते त्यांनी गिळले. आपल्या तोंडून सुटलेला शब्द ही मुलगी किती काळ पाळते, हे ते जाणत होते. त्यांनी डोळे मिटले आणि पुढची ओळ संथपणे सुरू केली.