एक डेस्कटॉप अन् त्याचं वऱ्हाड

सकाळी बरोब्बर दहा वाजून वीस मिनिटांनी माझी अक्कल फिरली. वेळ पक्की सांगते, कारण कुकरची तिसरी शिटी तेव्हाच झाली होती!

आमच्या पिंकीचा गुरुकुल शाळेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. मुदत पाच वाजेपर्यंत. मंचेरियलच्या माझ्या भावानं, सुधाकरनं, जुन्या लॅपटॉपात विंडोजच्या जागी लिनक्स टाकून दिलेलं. चालायचा बरा. पण पडदा कसा? सारवलेल्या भिंतीसारखा भुंडा! पोरीचं शुभ काम अन् असा पडदा? सुधाकरनं वहीत लिहून दिलेली, पडद्याला नवा साज चढवायची ओळ टाइप केली. ये बाबा नव्या डेस्कटॉपा!

आला. पण एकटा कसा येईल? सोबत प्रोग्रामांची, चारशे जणांची यादी! बुद्धिबळवाला, टपालवाला, रेडिओवाला. घरात प्रिंटर नाही, पण त्याला चालवणारा हजर! मशीन विचारते, येऊ देऊ का? आता दारात आलेल्या वऱ्हाडाला कोणी नाही म्हणतं का? दाबलं 'वाय', म्हणजे येस.

बारा वाजेपर्यंत मोबाईलचं निम्मं नेट फस्त. लॅपटॉप चढावरच्या बैलासारखा धापा टाकू लागला. म्हटलं, फुकटखाऊंना हाकलावं. हाकलायची ओळही वहीत होतीच. पहिला सापडला तारखा अन् पत्ते सांभाळणारा. आमच्या भिंतीवर कॅलेंडर आहे, तुझं काय काम रे? मशीननं पुन्हा लांबलचक यादी दाखवली. मला वाटलं, किती शहाणं! सारे उपटसुंभ एकदम नेतंय. 'वाय'!

पडदा काळाठिक्कर. कोपऱ्यात एक रेघ तेवढी लुकलुकत होती. सुधाकरला फोन लावला.

"ताई, कोनाले हाकललं तू?"

"तारखा सांभाळणाऱ्याले."

"अवं, त्याच्या खांद्यावर सारा मांडव होता!"

"मग त्यानं सांगाचं ना!"

"यादीत सांगून राह्यला होता ना तो. वाचली काऊन नाही?"

"एवढी यादी कोन वाचते?"

"मग आता काळा पडदा वाच!"

साडेतीनला शेजारच्या मावला गावातल्या ऑनलाइन सेंटरवर धावले. एकटी? छे! पिंकी, कारण फॉर्म तिचा. कडेवर बाळ, कारण ते दूध पितं. बाळ धरायला जाऊबाई. जाऊबाईंना न सोडणारी त्यांची छकुली. अन् सासूबाई, कारण मला एकटीला काही जमत नाही असं त्यांना वाटतं. (खोटं काय त्यात?)

सेंटरवाला वैतागला. "अम्मा, फॉर्म एका पोरीचा, अन् मानसं सहा? बाकीचे बाहेर!" म्हणत त्यानं आधी जाऊबाईंनाच उठवलं.

झालं! जाऊबाई उठल्या तशी छकुलीनं भोकाड पसरलं. ते ऐकून बाळ रडलं, म्हणून सासूबाई त्याला घेऊन बाहेर. त्यांचा पदर धरून पिंकी बाहेर. आधार कार्ड सासूबाईंच्या पिशवीत, पिशवीही बाहेर. त्याच्या खुर्चीसमोर उरले मी. लुकलुकत.

"बोलवा सगळ्यायले आत!" कपाळावर हात मारून तोच म्हणाला. पाचला सात मिनिटं असताना फॉर्म गेला.

तर बायांनो, ओळखीत कोणी लॅपटॉप सजवायला निघाली असेल, तर तिला एवढा निरोप नक्की द्या: 'वाय' दाबायच्या आधी यादी वाच. अन् त्या सेंटरवाल्यालाही सांगा, ही बाई सुटी येत नाही.