मागच्या खोलीतलं श्रुतलेखन

गेल्या मार्चमधल्या एका रविवारी दुपारी, परतूरच्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत, प्रोजेक्टरवर चालू असलेल्या चित्रपटातलं एकही वाक्य वडिलांना समजलं नाही. जानेवारीत याच खोलीत, याच स्पीकरवर, याच खुर्चीत बसून त्यांनी दहापैकी नऊ वाक्यं बरोबर लिहून दिली होती. दोन्ही नोंदी त्यांच्या अक्षरात एका शाळेच्या वहीत आहेत. जानेवारीच्या पानावर नऊ बरोबरच्या खुणा आहेत. मार्चच्या पानावर एक ते दहा आकडे आहेत आणि प्रत्येक आकड्यापुढे आडवी रेघ.

वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. आता एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना आवाज ऐकू येतो, पण शब्द एकमेकांत मिसळतात. जालन्याच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून हेच सांगितलं आणि यंत्र दिलं. यंत्रातून ताटवाटीचाही आवाज मोठा होऊन येतो, म्हणून ते डबीत राहिलं. आधी टीव्ही लागला की ते विचारायचे, "काय म्हणाला?" माझी पत्नी वाक्य पुन्हा सांगायची. तेवढ्यात पुढची दोन वाक्यं निघून गेलेली असायची. मग त्यांनी विचारणं सोडलं. नंतर बसणंही सोडलं. टीव्ही लागला की ते उठून ओट्यावर जायचे.

वेगळे स्पीकर लावले तर संवाद स्वच्छ येतात, असं मी ज्या दैनिकात काम करतो त्याच्या पुरवणीत छापून आलं होतं. ते पान मीच तपासलं होतं. लावले तर नीट लावावेत, चित्रही मोठं असावं, म्हणून मागची खोली ठरली. चौदा बाय अकरा. त्या वेळी तिच्या निम्म्या भागात आमच्या शेतातला कापूस छतापर्यंत रचलेला होता. भाव वाढेल म्हणून ठेवला होता. परतूरच्या बऱ्याच घरांत जानेवारीत अशी एक खोली असते.

चौकशीला सुरुवात केली आणि तिथून पुढे काही नीट समजलं नाही. जालन्याच्या दुकानदाराच्या मते पाच स्पीकर आणि घुमणाऱ्या आवाजाचा एक डबा लागत होता. संवाद मधल्या स्पीकरमधून येतात, तो चांगला हवा. इंटरनेटवरचा एकजण सांगत होता की लहान खोलीत पाच स्पीकर म्हणजे गोंधळ, दोन पुरेत. दुसरा सांगत होता की दोन घेणाऱ्यांना नंतर पश्चात्ताप होतो. प्रोजेक्टरचंही तेच. कुणी म्हणे पश्चिमेची खिडकी आहे, उजेड जास्त टाकणारा घ्या. कुणी म्हणे जास्त उजेडात काळा रंग राखाडी दिसतो, त्यापेक्षा खिडकी बुजवा. जवळून चित्र टाकणारा घ्यावा की लांबून, हे खोलीच्या लांबीवर होतं आणि खोलीची लांबी कापसावर. बातमीत दोन माणसं एकाच गोष्टीबद्दल वेगळं बोलली तर दोघांचं छापता येतं. इथे एकच काहीतरी घ्यायचं होतं.

माझा मेहुणा हसनाबादला असतो. त्याचा मंडप आणि साउंडचा धंदा आहे. लग्नं, वास्तुशांती, जयंतीची मिरवणूक, सगळीकडे त्याचे स्पीकर असतात. त्याला फोन केला.

"दाजी, पाच पाच डबे कशाला लावून राह्यले? दोन घ्या, दणकट. आमचे दोनच असतात, अन् अख्खं गाव ऐकतं."

फोन स्पीकरवर होता. पत्नी म्हणाली, "गावाला न्हाई ऐकवायचं, आबांना ऐकवायचंय."

"मंग आबांना मिरवणुकीत पुढं उभं करा, ताई."

शेवटी दुकानदार दोन प्रकारचे स्पीकर आणि दोन प्रोजेक्टर गाडीत घालून घरी घेऊन आला. स्टुलावर ठेवलेला पहिला प्रोजेक्टर उलट्या बाजूला तोंड करून सुरू झाला आणि चित्र कापसाच्या ढिगावर पडलं. चित्रातल्या माणसाचे गाल वर आले, कपाळ आत गेलं.

वडील म्हणाले, "याला सूज आलीय."

दुकानदारानं घाईघाईनं प्रोजेक्टर भिंतीकडे वळवला आणि काळा रंग किती काळा दिसतो ते समजावू लागला. वडिलांनी हात वर केला. "डोळे ठीक आहेत माझे. श्रुतलेखन घ्या."

वही आणली. खुर्ची कापसाच्या ढिगाला टेकून ठेवली. एक वाक्य झालं की दुकानदार चित्र थांबवायचा, वडील लिहायचे, पत्नी तपासायची. दोन स्पीकरवर दहापैकी सात. पाचवर नऊ. पाच घ्यायचे ठरले. प्रोजेक्टर जवळून टाकणारा. त्या दुपारी वडील चित्रपट संपेपर्यंत खोलीत बसले.

फेब्रुवारीत कापूस गेला. खोली झाडली, भिंती रंगवल्या, खालची उखडलेली शहाबादी काढून चकचकीत फरशी बसवली. दुकानदाराचा माणूस येऊन सामान बसवून गेला. पडदा जानेवारीत चित्र पडलं होतं त्या भिंतीवर, मधला स्पीकर आणि खुर्ची तेव्हा होती त्याच जागी. फक्त खुर्चीमागे आता मोकळी जागा होती. मग तो मार्चमधला रविवार आला.

दहा रेघा ओढून झाल्यावर वडिलांनी पेनचं टोपण लावलं. "आवाज येतो. शब्द येत न्हाईत."

आवाज वाढवला. आणखी बिघडलं. कमी केला, तर काहीच समजेना. पत्नीला वाटलं, दाखवलं एक आणि बसवलं दुसरं. बिलावरचे आणि खोक्यांवरचे क्रमांक ताडून पाहिले, जुळले. तारा उलट्या जोडल्या असतील म्हणून माणूस पुन्हा आला. त्या बरोबर होत्या. त्यानं स्पीकर चालवणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये काही बदल केले, दुसऱ्या दिवशी मी ते परत जुन्यावर आणले, कारण कुठलं बरं आणि कुठलं वाईट हे आम्हाला सांगता येत नव्हतं. मला आणि पत्नीला शब्द कळत होते, पण तेही प्रत्येक शब्दामागे शेपूट असल्यासारखे.

दुकानदार फोनवर म्हणाला, "साहेब, बॉक्स तोच, मशीन तेच. आबांचं वय बी बघा ना."

वडिलांना जालन्याला नेलं. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. जुना आणि नवा आलेख एकावर एक ठेवून उजेडात धरला. रेष एकच होती.

बसमध्ये वडील म्हणाले, "डॉक्टरचं मशीनबी चुकत असेल. माझेच कान गेले. खोली कापसाला ठेव." घरी येताच ते कपाटाकडे गेले. वही त्यांनी कपाटात, जुन्या हजेरीपटांखाली ठेवली. मागच्या खोलीला कडी लावली. ती त्यांनीच लावली.

एप्रिलमध्ये मेहुण्याकडे परतूरचं एक लग्न होतं. आभाळ भरून आलं आणि गाद्या भिजतील म्हणून त्यानं टेम्पो आमच्या दारात आणला. चाळीस गाद्या आणि लोड मागच्या खोलीत भिंतींना लावून रचले. दोन दिवस राहू द्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उकाडा होता. मागची खोली थंड, आणि आत आयत्या गाद्या. वडील जाऊन आडवे झाले. पत्नी तिथेच गवार मोडत बसली आणि तिनं स्वतःसाठी एक चित्रपट लावला, आवाज बारीक ठेवून. अर्ध्या तासानं वडील डोळे न उघडता म्हणाले, "खोटं बोलून राह्यला हा. मघाशी म्हणला, बहीण मुंबईला आहे. आता म्हणतो, नाशिकला."

पत्नीनं मला ऑफिसात फोन केला. तिनं आधी गाद्यांचा उल्लेखच केला नाही. "आबांना ऐकू आलं," एवढंच म्हणाली. मी विचारलं, किती? ती म्हणाली, "गावाच्या नावासकट."

त्या दिवशी कुणालाच काही कळलं नाही. सामानाला कुणी हात लावला नव्हता. शनिवारी मेहुणा गाद्या न्यायला आला, तेव्हा त्याला थांबवलं. वही कपाटातून काढली. गाद्या असताना दहापैकी नऊ. मग सगळ्या गाद्या अंगणात काढल्या आणि नवी दहा वाक्यं घेतली. एक बरोबर. गाद्या परत आत. आठ. मेहुण्याच्या शर्टाला घाम आला होता.

"दाजी, हे तर असंच असतं," तो लोडावर बसत म्हणाला. "मंगल कार्यालय रिकामं असलं की आमचा माइक फाटतो. लोक येऊन बसले की बराबर होतो. रिकाम्या भिंती बोलतात."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही कुठं इचारलं? तुम्ही इचारलं, स्पीकर कोणता घेऊ."

वडील हसले. "बराबर आहे. प्रश्नच चुकीचा होता. सुट्टीत रिकाम्या वर्गात मी ओरडलो की मलाच मी कळायचो न्हाई." मग म्हणाले, "जानेवारीत या भिंतींचं तोंड कापसानं बंद केलं होतं. आपण कापसाचा आवाज ऐकून स्पीकर घेतले."

पत्नीनं विचारलं, "गाद्या ठेवतो का रे इथंच?"

"ताई, सोमवारी शहागडला लग्न आहे. वऱ्हाड काय फरशीवर बसवू?"

गाद्या सोमवारी शहागडला गेल्या. त्याच दिवशी पत्नीनं पेटीतून गोधड्या काढल्या. सात निघाल्या. दोन बाजूंच्या भिंतींवर आणि खुर्चीमागच्या भिंतीवर दांड्या ठोकून त्या लावल्या. फरशीवर सतरंजी टाकली. दुकानदार कशाला तरी आला होता. त्यानं खोली पाहिली आणि यासाठी खास फळ्या मिळतात असं सांगितलं. फळ्या लावाव्यात की गोधड्या पुरतील, याबद्दल इंटरनेटवर दोन मतं आहेत. पाचऐवजी दोन स्पीकरही चालले असते का, हे तपासायचं राहिलं आहे.

मंगळवारी दुपारी श्रुतलेखन झालं. दहापैकी आठ. चौथ्या आणि नवव्या आकड्यापुढे रेघ आहे. वडिलांनी वही मिटली, चित्रपट पुढे चालू ठेवायला सांगितलं आणि तो संपेपर्यंत ते खुर्चीत होते.