ताईची खूण

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे काचताई म्हणायचे. मी तिथे रिपोर्ट टाइप करायचे आणि तिची बोलणी खायचे. स्वल्पविराम चुकला तरी ती माझं डोकं खायची. गाठीचा पातळ काप काचेवर चढवून रंगवायचा, हे काम तिने एकतीस वर्षं केलं. शेजारी निरोगी गर्भाशयाचाही एक तुकडा ती लावायची. संप्रेरकं जिथे येऊन चिकटतात ते रिसेप्टर त्या तुकड्यात असतातच, त्यामुळे रंग नीट चढला तर तो तपकिरी व्हायलाच हवा. त्याला ती साक्षीदार म्हणे.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची गाठ तपासायला आली. गर्भाशयाचा दुर्मीळ कॅन्सर, फुप्फुसात पुन्हा उगवलेला. रिसेप्टर सापडले तर संप्रेरकं रोखणाऱ्या रोजच्या गोळीवर तो आवरता आला असता, नाहीतर केमो. काचेवर तपकिरी ठिपकाही दिसला नाही. ‘साक्षीदार ठीक’ या चौकटीत ताईची खूण होती, आणि ताईची खूण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आमच्या डॉक्टरांनी साक्षीदार पाहिलाच नाही. ‘रिसेप्टर नाहीत,’ त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं, बाई कागद घेऊन गेल्या.

तीन दिवसांनी काचा कपाटात लावण्याआधी ताईने सहज ती काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. साक्षीदारही कोरा! काचा तापवायच्या भांड्याच्या झाकणाचं रबर सैल झालं होतं, त्या पुरेशा न तापल्याने रंग चढलाच नव्हता, आणि खूण तिने न बघता, सवयीने केली होती. मला तिचा भयंकर राग आला. स्वल्पविरामावरून मला झापणारी ही!

तरी मी म्हटलं, “रबर खराब होतं म्हणून सांग ना.”

“खूण काय रबराने केली?”

ती स्वतः डॉक्टरांकडे गेली. नवं रबर बसवून पुन्हा रंगवलं. साक्षीदार तपकिरी, गाठही तपकिरी.

बाईंना बोलावून घेतलं. डॉक्टरांनी गोळ्यांचं समजावलं. मग ताई पुढे झाली. “आधीचा कागद चुकीचा होता. चूक माझी.”

बाईंनी डोक्यावरचा रुमाल सोडला. केस कानापर्यंत कापलेले. “सोमवारपासून केमो होती ना. गळताना बघवले नसते. कमरेपर्यंत होते.”

एकतीस वर्षांत कुणी ताईला रडताना पाहिलं नव्हतं. मीही नाही. माझा राग कुठच्या कुठे गेला.

“अहो, रडताय काय,” बाई म्हणाल्या. “वाढतील की. आता वाढायला वेळ आहे.”