मला कोणी विचारलंच नाही

धानोऱ्याच्या स्टँडवर आई बसच्या खिडकीखाली उभी होती. गाडी सुरू झाली तरी सांगतच होती, "पोटभर जेवजो. घाबरू नको, तिथीबी माणसंच राह्यतेत." आमच्या गोंड टोल्यातून, म्हणजे वस्तीतून, इंजिनिअरिंगला निघालेली मी पहिलीच, त्यामुळे अर्धा टोला पोचवायला आला होता.

पुण्यात माणसंच निघाली, आईचं खरं होतं. पण त्यांची बोलायची रीत आपली नाही. आपल्या गावसभेत एकाचं पुरं झाल्याशिवाय दुसरा तोंड उघडत नाही. कोपऱ्यातल्या म्हातारीलाही विचारतात, "बाई, तुले काय वाटते?" ती बोलल्याशिवाय सभा उठत नाही. मी त्याच वळणाची. प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये बसले, ऐकत राहिले. बंधाऱ्याचं डिझाइन करायचं होतं, माझंही गणित मांडून तयार होतं. विचारतील तेव्हा दाखवू म्हटलं. कसलं काय! सगळे एकदम बोलायचे आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं डिझाइन.

व्हायव्हातही तेच. सरांनी प्रश्न टाकला की दुसऱ्याचं उत्तर आधी. त्याचं संपेपर्यंत मी थांबायची, तोवर सर पुढच्या प्रश्नावर. शेवटी म्हणाले, "तू काहीच केलेलं दिसत नाही." नापास केलं. वरून ग्रुपमधला एक हसून म्हणाला, "कोट्यातून आलीये, सोडा." अंगाची आग झाली. पण तो बोलत होता, म्हणून तेव्हाही मी थांबले. आता काय म्हणावं मला!

तेच वर्ष पुन्हा करतेय. घरी 'पेपर कठीण होता' एवढंच सांगितलंय. आपल्याकडून इथे आलेल्या पोरापोरींनो, तुमचंही असंच चाललं असेल तर उपाय मला विचारू नका. खोलीत एकटी असताना मी मध्ये तोंड घालायचा सराव करते. वर्गात जीभ उचलत नाही.

परवा आईचा फोन आला. धाकटीला याच कॉलेजात पाठवायचं म्हणतात. आई खुशीत होती. "तिची काळजी नाई मले. ते तुयापेक्षा शहाणी आहे, कोणाच्या मधात बोलत नाई."

हो म्हणावं तर तिला माझ्याच बाकावर आणून बसवते. नको म्हणावं तर तिचं शिक्षण बुडवते. गप्प बसलेल्या माणसालाही वळून विचारतात, असं ठिकाण आता माझ्यासाठी घरच तेवढं.

"सांग ना, पाठवू का?" आईनं विचारलं. फोनपाशी सगळे माझ्यासाठी थांबले होते. मला काही बोलता आलं नाही.