गुंड्याचं अर्धं युनिट

मंगळवारी सकाळी सात वाजता आमच्या बारा वर्षांच्या बोक्याची, गुंड्याची, साखर चारशेच्या वर आली. त्याला मधुमेह आहे. आठवडाभर आकडा उतरत नव्हता, म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिन दोन युनिटवरून अडीच करायला सांगितलं होतं. सिरिंज भरत असताना शेजारच्या सुमनकाकू आल्या. आजपासून अर्धं युनिट जास्त द्यायचंय, असं त्यांना सांगितलं.

"डोस वाढवताय? थांबा. मी त्याला रोज दुपारी वाटीभर दूध देते."

"साखर घालून?"

"मग काय! बिनसाखरेचं हुंगतसुद्धा नाही मेला."

डॉक्टरांना फोन केला. "वाढवू नका," ते म्हणाले. "डोस वाढवला आणि एखाद्या दिवशी ते दूध चुकलं, तर साखर एकदम उतरून जिवावर बेतेल."

आमच्या वहीत औषधाची वेळ होती, खाण्याचं वजन होतं. काकूंची माया कुठेच नव्हती. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. विचारण्याआधी आपली चूक सांगणारी माणसं थोडी असतात. त्यांतलं एक भिंतीपलीकडे राहतं, हे त्या सकाळी कळलं.

दूध बंद झालं. शनिवारी आकडा दोनशे दहा आला. तपासणीसाठी रक्ताचा थेंब कानातून घ्यावा लागतो. आता गुंड्याला मांडीवर काकू धरतात.